अजपालांची औषधविद्या

भारतीय पशुवैद्यकाचा इतिहास चाळू लागले म्हणजे प्रथम समोर येतात ते राजदरबारचे प्राणी. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेली अश्वविद्या, जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’, पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ ही या शास्त्रातील मोठी नावे होत. यांपैकी पालकाप्याचा प्रचंड ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापून प्रसिद्ध केला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त हत्तीघोडे तर आहेतच, परंतु राजाच्या करमणुकीसाठी झुंजणारे मेंढे, रेडे आणि कोंबडेही आहेत. ज्या प्राण्यावर राज्य चालते अथवा ज्याच्यामुळे राजाचे मन रमते, त्याच्यासाठी शास्त्र निर्माण झाले. शेळीवर बसून कोणी लढाई जिंकली नाही. ती गरिबाच्या अंगणातील खुंट्याला बांधलेली राहिली, आणि शालिहोत्राच्या तोडीची एकही संहिता तिच्या वाट्याला आली नाही.

मात्र ग्रंथ नव्हता म्हणून ज्ञानही नव्हते, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. ते ज्ञान होते, आणि ते कोठे होते हे प्राचीनांनीच सांगून ठेवले आहे. अथर्ववेदाच्या आठव्या कांडात औषधींना उद्देशून एक सूक्त आहे. रानडुकराला वेल ठाऊक असते, मुंगसाला औषधी ठाऊक असते, असे त्यात म्हटले असून, गाई आणि शेळ्यामेंढ्या जितक्या वनस्पती खातात तितक्या सर्वांनी रोग्याचे रक्षण करावे, अशी प्रार्थना केली आहे. चरकसंहितेच्या अगदी पहिल्याच अध्यायात याहून स्पष्ट निर्वाळा सापडतो. रानातील औषधी नावाने आणि रूपाने ओळखतात ते शेळ्या राखणारे, मेंढ्या राखणारे, गाई राखणारे आणि इतर वनवासी, असे चरक म्हणतो. सुश्रुतानेही औषधींची ओळख गोपाल, तापस आणि व्याध यांच्याकडून करून घ्यावी, असा सल्ला दिला आहे. चरकाने वापरलेला ‘अजप’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्या समाजाने शेळीवर ग्रंथ लिहिला नाही, त्याच समाजाच्या श्रेष्ठ वैद्यग्रंथाने अजपालाला वनस्पतीचा जाणकार म्हणून पहिल्या पंक्तीत बसविले.

परंतु चरक तेथेच थांबत नाही. नाव आणि रूप कळले म्हणजे औषधी कळली असे नव्हे, असेही तो लगेच बजावतो. देश, काल आणि रोगी पाहून तिची योजना करणारा, तोच खरा जाणता; न ओळखलेले औषध हे विषासारखे, शस्त्रासारखे, अग्नीसारखे होय. ओळख आणि योजना यांतील हा भेद पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. माणसाच्या बाबतीत ओळख अजपालाकडे आणि योजना वैद्याकडे, अशी वाटणी झाली. शेळीच्या बाबतीत मात्र वैद्य आलाच नाही. तेव्हा दोन्ही कामे अजपालानेच केली, आणि त्यांची नोंद कोठेही झाली नाही.

शेळीचे खाणेच मुळी वैद्यांच्या कुतूहलाचा विषय होते. गाय गवताचा घास घेते. शेळी पाला निवडते. मागच्या दोन पायांवर उभी राहून, वरचा ओठ हलवीत ती काट्यांतून नेमके कोवळे पान वेचते, आणि एका झाडावर फार वेळ न रेंगाळता पुढे सरकते. तिच्या पोटात दिवसाकाठी कडू, तुरट, तिखट असा अनेक रसांचा पाला थोडाथोडा जमा होतो. शेळीच्या दुधाचा गुण सांगताना सुश्रुताने हीच कारणे दिली आहेत. तिचे शरीर लहान, खाणे कडू आणि तिखट, पाणी पिणे थोडे आणि हिंडणे पुष्कळ. म्हणून तिचे दूध रोगहारक. प्राण्याच्या चाऱ्याचा गुण त्याच्या दुधात उतरतो, हा विचार त्यात सरळ मांडलेला आहे. चरकाने दूध वाढविणाऱ्या ज्या दहा औषधींचा गण दिला आहे, त्यात दर्भ, कुश, काश, वीरण आणि साळी व साठी भाताची मुळे येतात, म्हणजे तो गण जवळजवळ सारा तृणवर्गाचाच आहे. दुभत्या जनावरांचा चारा पाहूनच ही कल्पना सुचली असावी, असे अनुमान केल्यास ते अवास्तव होणार नाही.

भाषेनेही काही खुणा जपल्या आहेत. ‘अजमोदा’ म्हणजे शेळीला आनंद देणारी. उलट, खोकल्यावर घरोघरी ज्याचा काढा होतो त्या अडुळशाला शेळी तोंड लावत नाही. त्याच्या ‘आडातोडै’ या तामिळ नावाचा अर्थ ‘शेळी शिवत नाही ते’ असाच लावला जातो, आणि तेच नाव ‘अधातोडा’ या रूपाने वनस्पतिशास्त्राच्या लॅटिन नामावलीत जाऊन बसले. अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्याने गर्भाशयाचे आकुंचन होते, असे आधुनिक प्रयोगांत दिसून आले आहे. गाभण शेळीला जे घातक ठरावे, तेच ती कडवटपणामुळे टाळते. या दोहोंत कार्यकारणभाव असेलच असे नाही. पण शेळी काय खाते याइतकेच ती काय सोडते याकडेही राखणाऱ्याचे लक्ष होते, हे त्या नावावरून सिद्ध होते. अशी नजर केवळ भारतातच होती असेही नाही. क्रीट बेटावरील रानशेळ्या बाण लागला असता डिक्टॅम्नस नावाची वनस्पती शोधून खातात, ही समजूत ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात नमूद केली आहे.

हे झाले ग्रंथांतील आणि शब्दांतील दाखले. हीच विद्या माणसांच्या हातात कशी टिकली, हे पाहावयाचे तर महानदीच्या खोऱ्यातील रायपूरसारखा दुसरा प्रदेश क्वचितच सापडेल. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत या वाटेने गेले. १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. पुढे १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, आणि १८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात नांदले. धमतरी आणि महासमुंद हे भाग १९९८ पर्यंत रायपूर जिल्ह्यातच होते. म्हणजे एका बाजूस धानाची अथांग शेते आणि दुसऱ्या बाजूस मोह, पळस, हिरडा, तेंदू यांची दाट जंगले, असे या जिल्ह्याचे जुने रूप होते. छत्तीसगडीत शेळीला ‘छेरी’ म्हणतात. मराठीतील ‘शेळी’ आणि ही ‘छेरी’ या एकाच कुळातल्या, संस्कृत ‘छगल’ शब्दाशी नाते सांगणाऱ्या बहिणी होत.

या प्रदेशात गावाची गुरे राखण्याचे काम परंपरेने रावतांकडे असे. त्यांची औषधविद्या वर्षातून एकदा सणाच्या रूपाने उघड होते. हरेली हा छत्तीसगडचा पहिला कृषिसण. उत्तरेकडील गणनेप्रमाणे ती श्रावणातील अमावस्या; महाराष्ट्रात त्याच दिवशी दिव्याची अवस असते. या दिवसासाठी रावत रानातून कंदमुळे आणतात. ‘दसमूल’ आणि ‘बनगोंदली’, म्हणजे रानकांदा, ही त्यांतली प्रमुख. ती शिजवून गुरांना दिली जातात. शेतकरी कणकेच्या गोळ्यात मीठ घालून, तो खम्हाराच्या किंवा एरंडाच्या पानात गुंडाळून जनावरांना चारतो. दारावर कडुलिंबाची डहाळी लागते, आणि रावताला धान्याचा वाटा मिळतो. हा खम्हार म्हणजे मराठीतील शिवण. आयुर्वेदाच्या दशमुळांत जिचे मूळ येते ती काश्मरी हीच. सणाची वेळही विचार करण्याजोगी आहे. पावसाने रान हिरवे झालेले असते, कोवळ्या गवताबरोबर जंतांची अंडी व अळ्या पोटात जाऊ लागतात, गोठ्यात ओल धरलेली असते. रोगांचा हंगाम तोंडावर आला असता गावातील सर्व जनावरांना एकाच दिवशी औषध देण्याची ही योजना आहे. धर्माने तिला तिथी दिली. तिच्यामागील हिशेब राखणाऱ्याचा आहे.

हरेलीचा मान गोधनाचा. शेळीचे औषध तिच्या रोजच्या चराईत असते, आणि पैदाशीच्या शेळीच्या बाबतीत ते तीन वेळी विशेष जपून दिले जाते. पहिली वेळ शेळी फळण्यापूर्वीची. या सुमारास दोनतीन आठवडे खुराक वाढविला तर शेळी वेळेवर माजावर येते आणि जुळी करडे होण्याचा संभव वाढतो, हे आजचे पशुविज्ञान सांगते. राखणाऱ्यांनी हेच काम रानातील ऋतूवर सोपविले होते. पहिल्या पावसानंतर फुटणारा कोवळा पाला हाच तो वाढीव खुराक होय. दुसरी वेळ गाभण काळाच्या अखेरची. शेळीचा गर्भकाळ सुमारे दीडशे दिवसांचा असून, करडाची बहुतेक वाढ शेवटच्या दीडदोन महिन्यांत होते. या काळात तिला दूर न नेणे, तिच्यापुढे चांगला पाला टाकणे, बाभळीच्या शेंगांसारखा पौष्टिक चारा राखून ठेवणे, ही जाणत्या घराची रीत. तिसरी वेळ व्याल्यानंतरची. वार पडावी म्हणून बांबूचा पाला, पोट सुधारावे म्हणून ओवा, दूध उतरावे म्हणून मेथी, गूळ, शतावरीची मुळे आणि जीवंतीची वेल अशी ही सामग्री आहे. तीत आणि बाळंतिणीच्या खोलीतील सामग्रीत फारसे अंतर नाही. घरातील म्हाताऱ्या स्त्रीने सुनेसाठी जे केले, त्याचाच अंश तिने अंगणातील शेळीला दिला. या विद्येचे अर्धे श्रेय रानात हिंडणाऱ्या पुरुषाचे असेल, तर उरलेले अर्धे गोठा झाडणाऱ्या या स्त्रीचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विद्येवर दोन बाजूंनी संकट आले. पहिले जंगलाच्या बाजूने. १८७८ च्या वनकायद्याने विस्तीर्ण राने राखीव झाली, आणि राखीव रानात शेळीला सहसा मज्जाव होऊ लागला. वनाधिकाऱ्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. शेळी कोवळी रोपे खाते, आणि मर्यादेबाहेर चराई झाली तर रान पुन्हा उगवत नाही. पण या बंदीची झळ कोणाला लागली, हे जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये परखडपणे सांगितले आहे. दोनचार शेरडे बाळगून कसाबसा संसार चालविणाऱ्या शेतकऱ्याच्या शेरडाकरडांना जंगलखात्याने जागाच उरू दिली नाही, ही त्यांची तक्रार होती. रान बंद झाले म्हणजे केवळ चारा बंद होत नाही. ज्या शाळेत अजपालाचा मुलगा झाडांची नावे शिकतो, ती शाळाच बंद होते.

दुसरे संकट उपेक्षेचे. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये निघाले. जनावरांच्या रोगजंतूंचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यास स्थापन होऊन १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वर येथे गेली. या संस्थांनी गुरांच्या बुळकांडीविरुद्ध केलेले कार्य मोठे आहे, आणि २०११ मध्ये तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, त्या यशात त्यांचा वाटा आहे. परंतु सरकारचे लक्ष प्रथम लष्कराच्या घोड्यांकडे आणि शेतीच्या बैलांकडे होते. येथेही शेळी मागेच राहिली. खास शेळीसाठी केंद्रीय संशोधन संस्था निघाली ती १९७९ साली, मथुरेजवळ मखदूम येथे.

आधुनिक विज्ञानाने या जुन्या विद्येकडे पाहिले तेव्हा काय आढळले? काही समजुतींना बळ मिळाले. पळसाच्या बियांचा जंतनाशक गुण आयुर्वेदाला ठाऊक होता. त्यांतील पॅलासोनिन या द्रव्यात तो गुण असल्याचे प्रयोगांनी दाखविले. शेळीचे रक्त शोषणाऱ्या जठरातील जंतांना तुरट पाल्यातील टॅनिनमुळे आळा बसतो, हेही अनेक देशांतील प्रयोगांत दिसून आले. जंताने पोखरलेली शेळी वेळेवर माजावर येत नाही आणि करडाला पुरेसे दूध देत नाही; तेव्हा पैदाशीचे औषध पुष्कळदा पोटाच्या औषधापासूनच सुरू होते. शतावरीने दूध वाढल्याचेही काही प्रयोगांत आढळले आहे.

त्याचबरोबर काही इशारेही मिळाले. १९४६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. क्लोव्हरच्या एका जातीच्या कुरणावर चरणाऱ्या मेंढ्या वांझ होत होत्या. त्या वनस्पतीत स्त्री-संप्रेरकासारखी द्रव्ये असतात, हे पुढे स्पष्ट झाले. पैदाशीवर परिणाम करणारी वनस्पती दोन्ही बाजूंनी कापणारी असते, हा त्यातील धडा आहे. आपल्याकडील सुबाभळीचीही अशीच कथा आहे. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी स्थापलेल्या संस्थेने या झाडाचा महाराष्ट्रात मोठा प्रसार केला. त्याचा पाला पौष्टिक. परंतु त्यातील मिमोसीन या द्रव्याने, अतिसेवन झाल्यास, केस झडतात आणि प्रजननही बिघडते. हवाई बेटांवरील शेळ्या मात्र तो पाला खुशाल पचवितात, हे रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियातील संशोधकाच्या ध्यानात आले. त्या शेळ्यांच्या पोटात ते विष मोडणारा एक सूक्ष्म जंतू होता. १९८० नंतरच्या दशकात तो ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटात सोडण्यात आला, आणि १९९२ मध्ये त्याला जोन्स यांचेच नाव मिळाले. एका देशातील शेळीला जे अन्न, ते दुसऱ्या देशातील जनावराला विष ठरू शकते. देश आणि काल पाहून योजना करा, असे जे चरकाने सांगितले, त्याला याहून चांगला पुरावा कोणता हवा?

शिवाय काही दारे वनौषधीला बंदच आहेत, हेही मान्य केले पाहिजे. भारतात १९८७ मध्ये प्रथम आढळलेला ‘पी. पी. आर.’ हा रोग कळपचे कळप झोपवितो. त्यावर लस हाच उपाय आहे. कोणत्याही पाल्याची त्यापुढे मात्रा चालत नाही. जुन्या विद्येचा अभिमान बाळगणाऱ्याने तिची ही सीमा आधी सांगावी, म्हणजे उरलेल्या बाबतीत तिच्यावर विश्वास ठेवणे सोपे जाते.

तथापि खरा प्रश्न या विद्येच्या गुणदोषांचा नसून तिच्या आयुष्याचा आहे. रायपुरात याचे एक बोलके उदाहरण डोळ्यांपुढे आहे. डॉ. रिछारिया यांनी १९७० नंतरच्या दशकात येथे राहून गावोगावच्या धानाचे हजारो वाण गोळा केले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या संग्रहात आज २०,००० हून अधिक वाण आहेत. धानाचा दाणा पाकिटात घालून, क्रमांक देऊन ठेवता आला, म्हणून तो वाचला. अलीकडे छत्तीसगडची ‘अंजोरी’ शेळीही स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदीत आली. धानाची नोंद झाली, शेळीची नोंद झाली. शेळी राखणाऱ्याच्या डोक्यात जे आहे, त्याची नोंद मात्र अजून विखुरलेलीच आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने या शतकाच्या आरंभी पारंपरिक कृषिज्ञानाच्या सूचीचे खंड काढले, त्यांत पशुवैद्यकही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लोकांनी आपल्या ज्ञानाच्या नोंदवह्या ठेवण्याची सोय केली; आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा व पारंपरिक ज्ञानाचा सामूहिक हक्क मान्य केला. १८७८ साली लागलेले दार कायद्याच्या कागदावर सव्वाशे वर्षांनी किलकिले झाले.

नोंद करणाऱ्यांपुढे अडचणी आहेत. रावताच्या तोंडचे नाव आणि ग्रंथातील नाव एकच असले, तरी वनस्पती एकच असेल असे नाही. म्हणून नावाबरोबर फांदी, फूल आणि मूळ यांचा नमुनाही ठेवावा लागतो. मात्रा चिमटीत आणि मुठीत सांगितलेली असते. मुळासाठी खणलेली शतावरी पुन्हा वाढण्यास वर्षे लागतात, आणि बाजाराची मागणी तितके थांबत नाही. दुकानात मिळणाऱ्या पुड्यांवर याच वनस्पतींची नावे छापलेली असतात. पण पुडीला ऋतू कळत नाही, आणि समोरची शेळी पहिलारू आहे की थकलेली, हेही कळत नाही. ते कळणारा माणूस आता वृद्ध झाला आहे, आणि त्याचा मुलगा शहरात कामाला गेला आहे.

औषधींची ओळख कोणाकडून करून घ्यावी, या प्रश्नाला भारतीय वैद्यकाने फार पूर्वी उत्तर दिले होते, आणि त्यात अजपालाचे नाव होते. जे ज्ञान त्याच्याकडून माणसाच्या उपचारासाठी घेतले, ते ग्रंथांत सुरक्षित राहिले. जे त्याने आपल्या शेळीसाठी वापरले, ते त्याच्याबरोबर रानातच राहिले. ते विचारून घेण्याची, प्रयोगाच्या कसोटीवर लावण्याची आणि त्याचे श्रेय त्यालाच देण्याची वेळ अजून गेलेली नाही. मात्र त्यासाठी वैद्याला आणि शास्त्रज्ञाला प्रथम, चरकाने सांगितल्याप्रमाणे, अजपालापाशी जाऊन बसावे लागेल.